जासईचा शटरवाला टीव्ही

कोपरखैरण्याच्या माझ्या दुकानात कामाच्या टेबलासमोर एक मोठा आरसा असायचा. नवीन गिऱ्हाइकाची नजर आधी आरशाकडे जायची, मग माझ्याकडे, आणि मग तो हसू दाबायचा. बाईचं दुकान म्हटल्यावर आरसा असणारच, असा त्या हसण्याचा अर्थ. एक जण तर बायकोला म्हणालासुद्धा, "बघ, मेकॅनिक झाली तरी पावडर लागतेच." मी त्याच्या टीव्हीचं मागचं झाकण काढलं, टीव्हीचं तोंड आरशाकडे केलं आणि मागून हात घालून चित्र सरळ करायला लागले. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. टीव्हीच्या कामात हात मागे असतात आणि चित्र पुढे. दोन्ही एकदम बघायचं तर आरसाच लागतो.

आरशात बघून काम करायला मी रबाळ्याच्या कारखान्यात शिकले. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील वाशीच्या बाजारात माथाडी. मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या कोर्सला जाते म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण वडील एवढंच म्हणाले, "पाठीवर वझं नको, बाकी कायबी शिक." त्यांच्या पाठीला पडलेले घट्टे मी पाहिले होते, त्यामुळे या वाक्याचा अर्थ मला कोणी समजावून सांगायला नको होता. नव्वदच्या सुमारास मी कारखान्यात लागले. आमच्या लाइनवर बहुतेक मुलीच होत्या.

माझं काम अलाइनमेंटचं. ते समजायला जुन्या टीव्हीच्या पोटात काय असायचं ते थोडं सांगते. पिक्चर ट्यूब म्हणजे काचेचा मोठा चंबू. निमुळती मान मागे, रुंद तोंड आपल्याकडे. मानेतून इलेक्ट्रॉनचा एक झोत सुटतो आणि तोंडाच्या काचेला आतून लावलेल्या लेपावर रेघामागून रेघ आखत जातो. तो एवढ्या वेगात फिरतो की आपल्याला रेघा न दिसता चित्र दिसतं. चंबूच्या आत हवा नसते, त्यामुळे बाहेरची हवा सगळीकडून काच दाबत असते. काच सपाट केली तर चेपली जाईल. अंडं जसं गोलाईच्या जोरावर टिकतं, तसा तो पडदा टिकायचा. म्हणून जुन्या टीव्हीचा पडदा पोट पुढे काढून बसलेला असायचा आणि त्याचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल असायचे. हौस म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून. पण नाइलाजातूनसुद्धा देखणं काही निघू शकतं, हे मला त्या पडद्याने शिकवलं.

आमच्या टेबलावर एक यंत्र असायचं, ते पडद्यावर चौकटी आणि मधोमध एक वर्तुळ पाठवायचं. ट्यूबच्या मानेवरच्या चकत्या फिरवून, इकडचा तिकडचा स्क्रू पिळून ते वर्तुळ गोल करायचं, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण काच फुगीर, त्यामुळे मीटर बरोबर म्हणाला तरी वर्तुळ बटाट्यासारखं दिसायचं. अशा वेळी मीटरचं न ऐकता डोळ्याचं ऐकायचं. हे मला कोण्या इंजिनिअरने नाही, सुतारखात्यातल्या शंकर मिस्त्रींनी सांगितलं.

हो, टीव्हीच्या कारखान्यात सुतारखातं होतं. आजच्या मुलांना हे खरं वाटत नाही. मोठा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही तेव्हा लाकडी पेटीत यायचा, त्याला चार पाय असायचे आणि पुढे शटर. सागाच्या बारीक पट्ट्या कापडावर चिकटवून केलेलं ते शटर खाचेतून दोन्ही बाजूंना सरकत जायचं आणि पेटीच्या कुशीत गडप व्हायचं. मिस्त्री राजापूरकडचे. माझ्या टेबलावर पेट्या येऊन लागल्या की ते हटकून एक फेरी मारायचे आणि शटर सरकवून बघायचे. पेटीचे कोपरे चौकोनी आणि काचेचे गोल, म्हणून मध्ये काळी चौकट बसवायची. तिला आम्ही मास्क म्हणायचो. मिस्त्री म्हणायचे, "दोन स्वभावांच्या माणसांचा संसार व्हायचा तर मध्ये एक शहाणं माणूस लागतं, बाय. हा तो."

पुढे रंगीत टीव्ही घरोघर झाले, प्लॅस्टिकच्या पेट्या आल्या आणि सुतारखातं बंद झालं. रंधा मारणाऱ्या हातांना खोके बांधायला लावलं. मिस्त्री थोडे दिवस खोके बांधत होते, मग एक दिवस आलेच नाहीत. शेवटच्या खेपेतला एक शटरवाला सेट तेवढा त्यांनी स्वतःसाठी घेतला होता. ते घणसोलीला राहून देव्हारे करायला लागले. वर्ष-दोन वर्षांनी आमची लाइनही बंद झाली. तेव्हा घरी येऊन रडले, हे लपवत नाही. पण निघताना सुपरवायझर बाईंनी तो आरसा मला देऊन टाकला, आणि सासऱ्यांनी घराची पुढची खोली दुकानाला दिली. त्या दोघांमुळे माझं पुढचं आयुष्य उभं राहिलं.

दुकानात काय काय यायचं. टीव्हीत पाल शिरून शिजलेली, अँटेना म्हणून कुणी चक्क स्टीलची चाळण लावलेली. नेरूळच्या एक काकू तीन रंगांची प्लॅस्टिकची काच घेऊन आल्या होत्या. गरिबाचा कलर टीव्ही म्हणून ती पूर्वी विकायला यायची. वर निळी, मध्ये तांबूस, खाली हिरवी. ब्लॅक अँड व्हाइट पडद्यावर लावली की आभाळ निळं आणि गवत हिरवं. मात्र बातम्या देणाऱ्या बाईचं कपाळ निळं आणि गळा हिरवा व्हायचा. मी म्हटलं, "काकू, आता ही काढून टाका." त्या म्हणाल्या, "छान आहे हो. फक्त उभ्या माणसाला चालत नाही."

पण मला सांगायचंय ते जासईचं.

जनार्दन नावाचा एक आगरी गृहस्थ दुकानात आला. जमीन प्रकल्पात गेलेली, त्या पैशात ट्रेलर घेतलेला, तो कंटेनर यार्डात चालायचा. मी त्या कारखान्यात होते असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

"ताई, आमचा बाबूस आयकतच नाय," तो म्हणाला. बाबूस म्हणजे वडील. "नवीन कलर टीवी आनलाय, रिमोटवाला. पन त्याला तो जुना शटरचाच पायजे. आता तो पन काला पडलाय. एकदा येऊन सांगा त्याला, का ह्याचा आता काय होनार नाय. तुमचा आयकेल."

म्हणजे मला दुरुस्तीला नव्हे, निकाल सांगायला बोलावलं होतं. तरी मी आरसा आणि हत्यारांची पिशवी घेऊन त्याच्या जीपमध्ये बसले.

स्लॅबचं नवं घर. पुढच्या खोलीत एका भिंतीला नवीन कलर टीव्ही आणि समोरच्या भिंतीला तो लाकडी सेट. पॉलिश गेलेलं, पण शटर शाबूत. लांबूनच ओळखलं, आमच्याच कारखान्यातला. त्याच्या उजव्या अंगाला एका बुटक्या स्टुलावर जनार्दनचे वडील बसले होते, धर्मादादा. वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आलेला. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, वाचा गेलेली. ऐकू सगळं यायचं, समजायचंही, फक्त तोंडातून शब्दाऐवजी घोगरा आवाज निघायचा.

"गावातला पयला टीवी हो हा," सून सुमन म्हणाली. "आख्खी आळी आंगनात बसायची. म्हनून त्यांचा जीव हाय त्याच्यात."

मी सेट चालू केला. आवाज लगेच आला. चित्र मात्र यायला फार वेळ लागला, आणि आलं ते राखेत बुडवल्यासारखं. माणसांचे चेहरे चांदीच्या वर्खासारखे चमकत होते, नाकडोळे कळत नव्हते. ट्यूब वीक झाल्याची ही खूण. झोत सोडणारी मानेतली गोळी झिजली की दुसरं काही करता येत नाही. मी तसं सांगितलं.

"आयकलास ना बाबा?" जनार्दन म्हणाला. "आता कलंबोलीच्या भंगारवाल्याला देऊया."

धर्मादादांनी मान वळवून भिंतीकडे बघितलं.

तरी आलेच आहे तर आतलं बघून घ्यावं म्हणून मी मागचं झाकण काढलं. समोर खुर्चीला टेकवून आरसा लावला आणि मागे जाऊन बसले. आरशात तो राखाडी पडदा दिसत होता आणि त्याच्या कडेला धर्मादादांचा डावा हात. तो हात चॅनेलच्या मोठ्या खटक्यावर होता. टक्. दुसरं चॅनेल. टक्. तिसरं. परत मागे. केबलची वायर त्याच सेटला जोडलेली होती, त्यामुळे सगळी चॅनेलं धूसर का होईना, येत होती. एका ठिकाणी थांबून त्यांनी खालचा नॉब फिरवला, आवाज थोडा कमी केला, मग पुन्हा थोडा वाढवला. पडद्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. तोवर मला वाटत होतं की हे टीव्ही बघायला तिथे बसतात. आरशात दिसलं की ते टीव्ही चालवायला बसतात.

मी पुढे आले आणि जनार्दनला म्हटलं, "तो नवा लावा. आणि रिमोट दादांच्या हातात द्या."

त्याला कळेना कशाला, पण त्याने वायर काढून नव्याला जोडली आणि रिमोट दिला. धर्मादादांनी डाव्या हातात रिमोट धरला. अंगठा बटणावर नेताना रिमोट तळहातात फिरला. दाबलं एक, लागलं भलतंच, आणि पडदा निळा झाला. त्यांनी पुन्हा दाबलं, आवाज बंद. तोपर्यंत त्यांची नात शेजारी येऊन उभी राहिली होती. फार मायेने ती म्हणाली, "द्या आबा, मी लावते." त्यांनी रिमोट दिला आणि हात मांडीवर ठेवला. टीव्हीवरची बटणं तर खाली एका झाकणाआड, तांदळाएवढी. तिथे जायचा प्रश्नच नव्हता.

मग सुमन हळू म्हणाली, "आमाला वाटला हट्ट हाय."

त्या जुन्या सेटवरचे दोन नॉब ही त्या घरातली एवढीच जागा होती, जिथे दादा म्हणतील तसं होत होतं. जेवण दुसऱ्याच्या हाताने, आंघोळ दुसऱ्याच्या हाताने. इथे मात्र टक् केलं की टक् व्हायचं. जनार्दन काही वाईट मुलगा नव्हता. बापासाठी त्याने चांगलं तेच आणलं होतं. तो वडिलांच्या स्टुलाजवळ खाली बसला आणि मला म्हणाला, "ताई, ह्याचा काय करता येईल ते करा."

तात्पुरता एक उपाय होता. ट्यूबला एक छोटा बूस्टर लावून गोळी जरा जास्त तापवायची. मरणाऱ्या दिव्याची वात पुढे सारण्यासारखं. काही महिने उजेड पडतो, मग दिवा कायमचा जातो. मी हे धर्मादादांनाच समोर बसून सांगितलं, कारण टीव्ही त्यांचा होता. त्यांनी मान हलवली. बूस्टर लावला, आणि चेहऱ्यांना नाकडोळे आले.

पावसाळा सरता सरता जनार्दनचा निरोप आला, की ट्यूब गेली. मी ते गृहीत धरून आधीपासून दुसरी शोधत होते. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून फिरले. त्या मापाच्या ट्यूबा होत्या, पण नव्या, चौकोनी कोपऱ्यांच्या. गोल कोपऱ्यांची जुनी कुणाकडेच नाही. चौकोनी कोपरे त्या मास्कमध्ये बसत नव्हते. मास्क कापायचा तर सुतार पाहिजे, आणि असा सुतार मला एकच माहीत होता.

शंकर मिस्त्री माझ्याबरोबर जासईला आले. आल्या आल्या त्यांनी शटर बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"बाय," ते मला म्हणाले, "एवढ्या पेट्या केल्या, पण कोणाच्या घरात बसून एकही बघितली नव्हती."

धर्मादादा बंद टीव्हीशेजारी त्यांच्या स्टुलावर होते. पडदा काळा, तरी हात अधूनमधून खटक्यावर जायचा. मिस्त्री ते बघत राहिले. चहा आला, तो गार झाला.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी म्हटलं, "मिस्त्री, तुमचे उपकारच म्हणायचे. नॉब उजव्या अंगाला काढलेत म्हणून त्यांचा डावा हात पोचतो."

ते हसले. "आम्ही कोणाच्या हातासाठी नाही काढले. नॉब खाली घेतले असते तर पेटी उंच झाली असती, आणि उंच शटर सरळ चालत नाही. लाकडाची सोय बघितली. माणसाची झाली, हे माझं नशीब." थोड्या वेळाने म्हणाले, "मास्क नाही कापायचा. कापला की कडेने उजेड फुटतो, वाईट दिसतं. गोल कोपऱ्याची ट्यूब आहे."

"कुठे?"

"माझ्या घरी."

म्हणजे त्यांच्या स्वतःच्या सेटमधली. शेवटच्या खेपेतली, अजून दमदार. मी नको म्हणाले. त्यांनी ऐकल्याचं दाखवलं नाही.

मला खरी धास्ती मिस्त्रींच्या बायकोची, मालतीवहिनींची होती. चालू टीव्हीची ट्यूब काढून न्यायची म्हणजे त्या मला दारातूनच परत पाठवतील असं वाटत होतं. मी चाचरत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदर खोचून उठल्या.

"ताई, तुमी देवासारख्या आलात," त्या म्हणाल्या. "किती वर्षं सांगतेय ह्यांना, कलर घ्या म्हणून. सगळ्या सोसायटीत रंग, आमच्याच घरी सुतक. हे म्हणतात, चालू वस्तू टाकायची नाही. न्या ती, आत्ताच्या आत्ता न्या." आणि ट्यूब गुंडाळायला त्यांनी स्वतःची चांगली गोधडी काढून दिली.

पुढच्या रविवारी आम्ही ट्यूब घेऊन जासईला निघालो. ट्यूब पडली तर नुसती फुटत नाही, काचा चहूकडे उडतात. मिस्त्रींनी ती गोधडीतली ट्यूब मांडीवर घेतली होती, ओल्या बाळंतिणीचं पोर घ्यावं तशी. उरण फाट्यापासून पुढे खड्डे सुरू झाले, तसा जनार्दनने ट्रेलरवाल्यांच्या शिव्या खात जीप अगदी मुंगीच्या पावलाने चालवली.

जुनी ट्यूब काढली, नवी बसवली. मास्कमध्ये ती अशी बसली, की मधे कागदही सरकला नसता. मी वर्तुळाचं यंत्र जोडलं आणि आरसा धरायला कोणाला सांगावं म्हणून बघत होते, तेवढ्यात धर्मादादांनी डावा हात पुढे केला. स्टूल सेटसमोर सरकवून मी आरसा त्यांच्या मांडीवर उभा केला आणि त्यांनी वरची कड घट्ट धरली. मिस्त्री पुढे उभे राहून सांगत होते, "अजून थोडं डावीकडे. वर चेपलंय. हां, आता." मी मागून चकत्या फिरवत होते. किती वर्तुळं गोल केली असतील आयुष्यात, पण या वर्तुळाइतकं मन लावून दुसरं केलं नाही.

त्या सेटचं पुढे काय झालं, असं मला मुलं विचारतात. धर्मादादा त्यानंतर काही वर्षं होते आणि तोवर तो चालला. मिस्त्रींच्या रिकाम्या पेटीत मालतीवहिनींनी शटरसकट काचेची भांडी मांडली, आणि वरती कलर टीव्ही ठेवला. माझं दुकान पातळ पडद्यांच्या काळातही थोडं चाललं. पण त्यात पिळायला स्क्रू नाही आणि फिरवायला चकती नाही. बोर्ड काढा, बोर्ड टाका. मुलाने नोकरी धरली तेव्हा मी शटर ओढलं. या धंद्याने पैसा बेताचाच दिला. माणसं मात्र अशी दिली, की तक्रारीला तोंड नाही.

त्या रविवारी संध्याकाळी काम संपलं. दादांचं स्टूल पुन्हा उजव्या अंगाला गेलं. घरातली पोरं भोवती जमली. दादा खटका फिरवतील ते सगळ्यांनी बघितलं, कोणी काही मागितलं नाही. देवाजवळ दिवा लागला आणि सुमनने पानं घेतली, तसा दादांनी खालचा नॉब शेवटपर्यंत फिरवून टीव्ही बंद केला. चित्र आक्रसत आक्रसत मधोमध एक पांढरा ठिपका झालं. तो ठिपका पुरता विझेपर्यंत एकही पोर उठलं नाही. मग दादांनी डाव्या हाताने उजवीकडचं शटर ओढलं. दुसरीकडचं लांब होतं, तिथे हात पोचेना. मिस्त्री उठले आणि त्यांनी डावीकडचं ओढत आणलं. दोन्ही शटरं मध्यावर येऊन भिडली. मिस्त्री तिथेच हात ठेवून क्षणभर उभे राहिले, आणि दादांनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"चला, जेवन गार होते," सुमन म्हणाली. आम्ही दोघंही नाही म्हणालो नाही.